गोधडीची जामनेर शाखा

जामनेर,
१२ डिसेंबर १९९३

चि. पितांबर यास नानाचे अनेक आशीर्वाद.

सूनबाईंची तब्येत कशी आहे? लंडनात ऊन पडलं की कळव (मागल्या पत्रापर्यंत पडलं नव्हतं). इकडे सर्व मंडळी खुशाल. सर्व मंडळी म्हणजे मी. दुखरा गुडघा धरला तर दोघे.

पत्रास कारण की, मोठमोठी संग्रहालयं आता परदेशात शाखा काढणार, असं पेपरात वाचलं. वाचता वाचता चहा निवून गेला. तुझ्या काकूची गोधडी तिथल्या ज्या संग्रहालयात लावली आहे, त्यांनी एक शाखा जामनेरला काढली तर? (तुला ठाऊकच आहे, काकू गेली त्याच महिन्यात ती गोरी मॅडम दुभाष्या घेऊन गावोगाव गोधड्या बघत फिरत होती. मी म्हटलं, घेऊन जा, एकट्या माणसाला दोघांची गोधडी काय करायची? गावाने माझा सत्कार केला. सत्काराच्या नारळाची चटणी तीन दिवस पुरली.)

बाजारात एक गोदाम रिकामं आहे. तेच शाखेला द्यावं, असा अर्ज कचेरीबाहेर बसणाऱ्या मगनकडून लिहून घेतला. मगनच्या डोक्यात 'परदेशी शाखा' एवढंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात अठरा माणसं, हातात शाळेचे दाखले, सगळ्यांना वॉचमन व्हायचं. मी समजावलं, बाबांनो, कंपनी नाही, गोधडी बघायची जागा आहे. त्यावर समोरची धुरपदाबाई म्हणाली, "नाना, गोधडी पाह्याले तिकीट कोन काढीन? मह्या घरी सहा हायेत, त्या फुकट पाहा!" अठराही जण हसत हसत गेले. मीही हसलो. मग दार लावून घेतलं.

शेजारचा भाईदास तेवढा आत बसून राहिला (कापसाच्या जिनिंगमधून रिटायर, दुपारचा चहा रोज माझ्याकडे). म्हणाला, "वस्तू आपली, नेली त्यांनी, आणि आता शाखा काढून आपल्यालाच दाखवणार? सरळ परत मागा ना, नाना." मी म्हटलं, नेली नाही, मी दिली. तिथे सतरा देशांची माणसं तिच्यापुढे उभी राहतात. इथे पेटीत डांबराच्या गोळ्यांबरोबर पडली असती. "मग तुम्हाला शाखा कशाला पाहिजे?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण भाईदासला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी रागावलो, नको ते बोललो. आज नऊ दिवस झाले, तो आलेला नाही. चहा मात्र सवयीने दोन कप होतो. दुसराही मीच पितो (पित्त वाढलं आहे).

तरी तिथल्या मोठ्या साहेबांना भेटून शाखेचं काय ते विचारावं.

तुझा,
तोताराम नाना

ता. क. शाखेचं राहू दे. अर्ज मी दिलाच नाही. गोदामात उंदीर फार आहेत. मला ती फक्त एकदा बघायची होती.

आणखी एक. तू पाठवलेल्या फोटोत गोधडीखाली पाटी आहे. पोस्टमास्तरांनी भिंग लावून वाचून दाखवली. 'पश्चिम भारतातील अज्ञात स्त्री.' चूक त्यांची नाही. मॅडमने नाव विचारलं होतं, मी 'आमच्या घरच्यांनी शिवली' एवढंच सांगितलं. चाळीस वर्षांत तिचं नाव मी एकदाच घेतलं, लग्नात उखाण्यात, तेही लोकांनी अडवून धरलं म्हणून. तेव्हा पाटीवर 'यशोदाबाई' असं लिहून घे. आणि लिहिलं की समोर उभा राहून एकदा मोठ्याने वाच. पहारेकरी हटकेल. हटकू दे.