तळमजल्याची शाळा आणि न तुटलेली फळी

मी, शरीररचनाशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, वय वर्षे एकाहत्तर, या दुमजली घराची एकटी मालकीण, खाली जे लिहून ठेवत आहे ते माझ्या स्वतःच्या बुद्धीने; कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, धाकाने नव्हे आणि औषधाच्या गुंगीतही नव्हे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्याची भाषाही सदोष होती. प्रस्तुत मजकूर मी तोंडी सांगितला असून वकिलांच्या टंकलेखकाने तो उतरवला आहे. चार वेळा दुरुस्त करून घेतला. पाचव्या वेळेस वेळ नाही.

कलम १. शुद्धीविषयी.

माझे डोके ठिकाणावर आहे काय, हा प्रश्न माझ्या मुलाने गेल्या महिन्यात माझ्या मज्जातज्ज्ञ डॉक्टरांना विचारला. दार उघडे होते, आणि माझे कान शाबूत आहेत.

"डॉक्टर, साठी उलटल्यावर बाईनं तायक्वांदोच्या लाथा मारायला शिकावं, आणि आता वर घरही त्या लोकांना द्यायला निघावं, हे नॉर्मल आहे का?"

"लाथ नीट बसायची का?" डॉक्टरांनी विचारले.

"बसायची."

"मग मेंदूचं मला सांगू नका."

या डॉक्टरांचे आज सकाळचे लेखी प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. त्यांचे अक्षर वाचवत नाही. म्हणून ते टंकलिखित करून घेतले.

कलम २. घाईविषयी.

माझा आजार चेतातंतूंचा आहे आणि तो मागे फिरणारा नाही. तीस वर्षे मी ज्या स्नायूंची नावे विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली, ते आता एकेक करून माझा निरोप घेत आहेत. आधी चमचा सुटला, मग बटण. उजवे मनगट गळाले आहे, त्यामुळे टेबलावर ठेवलेल्या कागदावर मला लिहिता येत नाही. खांदा मात्र अजून माझा आहे. कागद उभा धरला आणि पेन बोटांना बांधले, तर खांद्यातून हात फिरवून मी सही करू शकते. हे आज शक्य आहे. उद्याचे डॉक्टर सांगत नाहीत, आणि ते सांगत नाहीत तेव्हा मला कळते.

अंगठा चालतो, असे वकील म्हणतात. चालत असेल. पण अंगठा दुसऱ्याने धरून उमटवता येतो, आणि उद्या कोर्टात पहिला प्रश्न तोच निघेल. मला सहीच हवी.

कलम ३. तळमजला.

माझ्या घराचा संपूर्ण तळमजला, जिथे पूर्वी माझ्या यजमानांचा छापखाना होता, तो मी वस्तीतल्या तायक्वांदो शाळेला देत आहे. ही शाळा आधी सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात भरत असे. सभागृह पाडून तिथे वाहनतळ केला, तेव्हा मी छापखान्याचे कुलूप उघडले. शाळेला दुसरी जागा नाही. हा कागद टिकला नाही, तर माझ्या तेराव्याच्या आत गाद्या रस्त्यावर येतील, हे मी जाणून आहे.

मुलगा दंतवैद्य आहे. त्याला तिथे दवाखाना थाटायचा आहे. त्याची गरज खोटी नाही. फक्त ती मोठी नाही. भाड्याच्या जागेतही दात पडतात. वरचा मजला, गच्ची आणि बँकेतील ठेव मी त्यालाच दिली आहे.

शाळा मोडली तर जागा मुलाकडे जावी, असे वकिलांनी सुचवले. मग शाळा मोडण्यात त्याचा लाभ राहील, हे वकिलांच्या लक्षात आले नाही. म्हणून: शाळा मोडल्यास तळमजला वाचनालयाला जाईल.

कलम ४. या दानाची कारणे.

कारण न देता दिलेली वस्तू भोळेपणाने दिली असे मानतात. मी भोळी नाही.

यजमान गेल्यावर एकदा मी न्हाणीघरात पडले आणि कामवाली येईपर्यंत फरशीवर पडून राहिले. मानवी शरीरातले प्रत्येक हाड मला तोंडपाठ होते आणि स्वतःचे एकही उचलता येत नव्हते. पुढच्याच आठवड्यात मी शाळेत गेले. तिथले मास्तर दिवसा लिफ्ट दुरुस्त करतात आणि संध्याकाळी शिकवतात. मी म्हटले, "मला लढायचं नाही, फक्त उठायला शिकवा." ते म्हणाले, "बाई, आधी पडायला शिका." मला वाटले, माणूस आगाऊ आहे. तो आगाऊ आहेच. पण हनुवटी छातीशी घेऊन, हात आपटून, कुशीवर पडायला त्यांनी मला शिकवले. आजार सुरू झाल्यापासून मी अनेकदा पडले. डोके एकदाही आपटले नाही. तायक्वांदोने आजार लांबला काय, याला पुरावा नाही, आणि पुराव्याविना मी बोलत नाही. डोके फुटले नाही याला पुरावा आहे: हे मृत्युपत्र.

दुसरे, तिथे रांग पट्ट्याच्या रंगाने लागते, वयाने किंवा पदवीने नाही. माझ्यापुढे रात्रपाळीची एक परिचारिका आणि नववीतली एक मुलगी उभ्या असत. ती मुलगी मागे वळून म्हणायची, "आजी, टाच आधी फिरवा, पाय नंतर." मी कोणाची आजी नाही. पण टाच चुकलेली असे. निवृत्तीनंतर माझी चूक दाखवणारा माणूसच उरला नव्हता. सगळे मला जपत होते. जपणे हा माणसाला हळूहळू पुरण्याचा सभ्य प्रकार आहे.

तिसरे, लाथेबरोबर द्यायची आरोळी. व्याख्यानात मी कधी आवाज चढवला नाही. यजमान गेले तेव्हाही नाही. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून आरोळी फुटली ती पोटाच्या तळातून, आणि मास्तरांनी वर्ग थांबवला. "हं. ही आतून आली," एवढेच म्हणाले आणि पुढे शिकवू लागले. कोणी पाठीवरून हात फिरवला नाही. त्याबद्दल मी आजन्म ऋणी आहे.

कलम ५. फळी.

शाळेची पद्धत अशी, की मोठ्या माणसाच्या पट्ट्याच्या परीक्षेत लाथेने तोडायची फळी घरच्या माणसाने धरायची. मी मुलाला बोलावले. मास्तरांनी त्याला बजावले, "कोपरं ताठ ठेवा. दया करायची नाही. फळी मागे सरली तर ती तुटत नाही, पाय तुटतो."

"हो हो, कळलं," मुलगा म्हणाला. त्याला लहानपणापासून सगळे आधीच कळलेले असते.

माझी लाथ निर्दोष होती. मास्तरांनीही ते मान्य केले. पण पाय पोचता पोचता मुलाने फळी आपल्याकडे घेतली. फळी शाबूत राहिली. माझ्या पायाच्या अंगठ्याचे हाड मोडले. इस्पितळाच्या वाटेवर तो रडकुंडीला आला होता. "आई, तुला लागू नये म्हणून मागे घेतली गं."

"म्हणूनच लागलं," मी म्हटले.

तेव्हापासून तो हेच सांगत फिरतो, की या खुळापायी आईने पाय मोडून घेतला. पाय कोणी मोडला, ते सांगत नाही. पुढच्या परीक्षेत फळी सुनेने धरली. तिने डोळे मिटले; कोपरे सोडली नाहीत. फळी तुटली. म्हणून या मृत्युपत्राची व्यवस्थापक सून आहे. तिला स्वतःसाठी यातून काही नको आहे, तरी माझा काळा पट्टा तिने घ्यावा. धुवू नये.

कलम ६. इतर वस्तू.

हाडांचा संच महाविद्यालयाला. डाव्या हाताचे एक हाड विभागप्रमुखांनी उसने नेले ते परत केलेले नाही. त्यांनी ते आता तरी परत करावे.

उभा आरसा धाकट्या बहिणीला. "या वयात पाय वर करायला लाज नाही वाटत?" असे तिने मला चारचौघांत विचारले होते. तिने आरशासमोर रोज एकदा पाय वर करून पाहावा. लाज वाटणार नाही. पाय वर जाणार नाही.

शेजारचे गृहस्थ आरोळ्यांबद्दल तक्रारी करतात. त्यांना माझ्याकडून काही नाही.

कलम ७. न तुटलेली फळी.

ती मी जपून ठेवली आहे. आज माझ्या सहीचा कागद तिच्यावरच लावला आहे, आणि ती मुलाने धरावी, असा निरोप पाठवला आहे. ज्याने स्वतः फळी धरली, त्याला पुढे ही सही माझी नव्हे असे म्हणता येणार नाही, हा व्यवहार झाला. दुसरे कारण मी मास्तरांना सांगितले आहे, इथे लिहीत नाही.

फोनवर तो "बघतो" म्हणाला. आमच्या घरात "बघतो" म्हणजे नाही. तो आला नाही तर सून धरील. सही होईल, पण तो भांडेल, आणि त्या भांडणात माझी बाजू मांडायला मी नसेन. दारावरची घंटा वाजावी म्हणून मी कधी असा कान लावून बसले नव्हते.

आला तर त्याला एवढेच सांगणे: पेन फळीवर टेकले की माझा सगळा भार तिच्यावर येईल. तेव्हा माझी दया येईल. ती येऊ दे. कोपरे सोडू नकोस. सहीनंतर ही फळी तुझी.

मृत्युपत्र करणार : (सही)

साक्षीदारांचे निवेदन : आम्हा दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. बाईंनी आमच्या समक्ष, मजकूर पूर्ण ऐकून, स्वतः सही केली. त्यांच्या हाताला कोणीही स्पर्श केला नाही. फळी त्यांच्या मुलाने धरली होती. तो उशिरा आला. तोवर बाईंनी कोणाला सुरुवात करू दिली नाही. आडनावाच्या मध्यावर पेन अडकले आणि त्यांचा खांदा थरथरू लागला. त्या म्हणाल्या, "हलू नकोस." तो म्हणाला, "नाही हलत, आई." तो रडत होता. फळी हलली नाही.

साक्षीदार १ : मज्जातज्ज्ञ डॉक्टर (सही)
साक्षीदार २ : समोरचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)
फळी धरणार : मुलगा (सही)

ठिकाण : तळमजला, शाळेची जागा
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार