दिनूच्या कलमाची गाठ

ता. १२ ऑक्टो. ८६
पाऊस उघडला. कलमांच्या काठ्या तपासल्या. माझे सगळे बांध सुकलेल्या केळीच्या सोपटाचे. खोड आणि काठी यांच्यामध्ये फुली, बुंध्याशी सैल, आत बोट फिरलं पाहिजे. हे मला कुणी शिकवलेलं नाही. आज चार गावचे लोक विचारायला येतात.
विहिरीजवळचा हापूस आमच्या दिनूने लावलेला. जाळ्याच्या नायलॉन दोरीने बांधलेला. पोरगा दर्यावर गेला तो गेलाच, वर्षश्राद्धही झालं. त्या झाडाचं सगळं सौ. करते, कुणाला हात लावू देत नाही. आज वाकून पाहिलं. दोरी सालीत रुतली आहे. वर फुगवटा.

ता. १३
कात्री घेऊन गेलो. सौ. आडवी आली.
"त्येच्या हातची गाठ ती. हात लावू नकात."
म्हटलं, झाडाचा गळा आवळतोय.
"तुमका झाडां दिसतत. आपलो झील, दिनू, दिसणा नाय."
कात्री खुंटीला लावली. जेवलो नाही.

ता. १६
न कापता सोडवावी म्हणून दाभण लावून पाहिला. माझी गाठ एका ओढीत सुटते. ही हलेना. हसनचाचांना बोलावलं, दिनू जाळं विणायला त्यांच्याकडेच शिकला.
"तात्यानू, ही भिजली की चावता. सुटाची नाय. झाडां तुमका कळतत, गाठी शिकूक दर्यार येवक व्हया."
मग गाठ चाचपत बसले. "बरी मारल्यान पोरान." एवढंच.

ता. २०
शेंड्याची दोन पानं पिवळी. सौ.ला दाखवली. दुपारी स्वतःच कात्री घेऊन आली.
"गाठीक कित्याक हात लावतास? दोरी पलीकडसून कापा मां."
इतकं साधं, आणि मला सुचलं नाही.
काठीमागे दोरी मोकळी होती, तिथे कापली. सालीतली हळूहळू उचलली. गाठ अखंड. सौ.ने मुठीत धरली, दिवेलागणीपर्यंत सोडली नाही.
नवा बांध तिनेच घातला. सोपट मी भिजवून दिलं. तपासलं नाही.

ता. २ नोव्हें.
खाच भरलेली नाही. जोडाखाली मूळ रोपाची रायवळ फूट आली, ती खुडली. वर हापूसला नवी पालवी नाही.
सौ. रोज विचारते, "जगतला मां तां?" नखाने साल खरवडून दाखवली. आत हिरवं आहे, इतकंच सांगता येतं.
ती घरात गेल्यावर बांधात बोट घालून पाहिलं. जात नाही. तिनेही आवळूनच बांधलंय.
सैल करायला हवं. पण तिला ते कसं सांगू...