शेरूले धरणारी

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शुभांगीचा कुत्र्यांना रक्त देण्यावरचा शोधनिबंध छापून आला. दवाखान्यात तिनं पेढे वाटले, मी खाल्ला नाही. रक्त देते कोण? माझा शेरू! गोचीडतापानं रक्त कमी होऊन पांढरं पडलेलं कुत्रं आलं की मी शेरूले धरते आणि ती त्याच्या मानेतून रक्त काढते. निबंधात आभार मानले ते शेरूचे. माझं नावच नाही. काहून? धरणाऱ्याचं काही कामच नसते का?

मघा ती घरी आली. "दीदी, शेरूसाठी पनीर आणलं." मी नुसतं हव म्हटलं. शेरू धावत गेला, तिच्यासमोर बसला आणि रक्त देताना करते तशी आपणहून मान वर केली. त्याले कोणीच धरलं नव्हतं.

मी समजत होती, मी धरते म्हणून तो हलत नाही.