छत रंगवणारा जोडीदार

तीर्थरूप आईस, पायांवर डोकं ठेवतो. मान वाकेना, म्हणून मनानेच.

मंगळवारी सकाळी माझ्यासोबत काम करणारा जोडीदार रंगारी तापातच कामावर आला, म्हणून छत रंगवायला मी शिडी चढलो. मान मागे करताच, लहानपणी झाडावरून पडल्यापासून येते तशी चक्कर आली. घाबरू नकोस, त्याने खालून पाय धरले.

“उतरा दादा! छत माझं.”

“अरे, अंगात ताप आहे तुझ्या.”

“तो उतरेल. तुम्ही पडलात तर वहिनींना काय सांगू?”

‘मला छतच आवडतं’ असं म्हणत वर्षभर तोच छत रंगवे. माझं दुखणं ओळखूनच तो म्हणत होता! देवमाणूस, दुसरं काय.

तुझे गुडघे कसे आहेत?

नोकरी जाण्याच्या भीतीने लपवलेलं सगळं मी काल मुकादमाला सांगितलं. जोडीदाराला छतासाठी मदतनीस मिळाला. मी आता खाली उभा राहून दारं रंगवतो.

तुझा थोरला