दाणे टाकण्याविरुद्धची स्वतःचीच तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
शिवछाया सोसायटी,
मांजलपूर, बडोदे.

विषय : अर्जदाराचीच तक्रार रद्द करून, अंगणात जमिनीवर पाखरांना दाणे टाकण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा तक्रार अर्ज, दि. ६ जानेवारी १९९७.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार सुभानराव माने हा तळमजल्यावर राहणारा, कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेला व घरी बसल्यापासून दुसऱ्यांच्या चुका शोधणारा इसम आहे.

१. पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या श्रीमती गंगाबाई शिर्के रोज सकाळी सात वाजता खाली येऊन अर्जदाराच्या खिडकीसमोर जमिनीवर बाजरी टाकीत. त्यावर होले, चिमण्या व सातभाई (गुजराती शेजारी ज्यांना लेलां म्हणतात) जमून कलकलाट करीत. सबब अर्जदाराने तीन पानी तक्रार केली, अंगणाचा नकाशा जोडला व विष्ठेची ठिकाणे लाल शाईने दाखवली. आपण जमिनीवर दाणे टाकण्यास बंदी केलीत. त्या दिवशी अर्जदाराने घरी शिरा करवून खाल्ला, हे नमूद करणे भाग आहे.

२. आठ दिवसांनी घराला कुलूप लावून गंगाबाई समा येथे लेकीकडे निघून गेल्या. पाखरे मात्र सातला येतच राहिली. कोरी जमीन टोकरून झाली की ती अर्जदाराच्या खिडकीकडे पाहत. पाखरे कोणाकडे पाहतात हे सिद्ध करता येत नाही. तरी चौथ्या दिवसापासून अर्जदार चहा आतल्या खोलीत घेऊ लागला.

३. बंदी फक्त जमिनीपुरती असल्याने अर्जदाराने पळवाट काढली. रीतसर आराखडा करून, पत्र्याचे छप्पर असलेली लाकडी फळी पेरूच्या झाडाला टांगली व तीवर दाणे ठेवले. बारा दिवसांत तेथे एक कावळा बसला, तोही पाठ फिरवून. अखेर अर्जदाराने स्वतःच लावून घेतलेली बंदी मोडली व बंडी-लेंग्यावर बाहेर जाऊन मूठभर बाजरी जमिनीवर फेकली. पाखरे तत्काळ उतरली. नेमके आपणही दूध घेऊन आलात. अर्जदाराने खाली वाकून, किल्ली शोधत असल्याचे सांगितले. ते खोटे होते.

४. गेल्या रविवारी अर्जदार समा येथे गेला. गंगाबाईंनी चहा दिला, तक्रारीचा विषय काढला नाही. अर्जदारानेच आपले चुकल्याचे सांगून परत येण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, "लेक जपते हो मला. पण घर चौथ्या मजल्यावर, आणि माझी पाखरं खाली बसून जेवणारी." मग दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "सुभानराव, तुम्ही लिहून घालवलंत ना मला? मग लिहूनच बोलवा."

५. सबब हा अर्ज. मजकूर स्वतः वाचायचा म्हणून गंगाबाई आज सकाळी आल्या आहेत, पण एकच पिशवी घेऊन. बाकी सामान समा येथेच आहे. अर्जदार रोज अंगण झाडण्यास व कलकलाट ऐकून घेण्यास तयार आहे. तरी सदर बंदी उठवावी, ही विनंती.

आपला, आणि गंगाबाईंचा अपराधी,
सुभानराव माने
दि. १९ फेब्रुवारी १९९७

ता. क. : गंगाबाईंनी अर्ज वाचला. "उपद्रवी पाखरे" असे दोन ठिकाणी होते, तेथील "उपद्रवी" त्यांनी खोडले. नंतर अर्जदाराच्या फोनवरून लेकीला उरलेले सामान पाठवायला सांगितले. त्यामुळे आपल्याला आता नाही म्हणता येणार नाही.