जवळचा दवाखाना

मळा, ता. निफाड
१२ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप दादास,
धाकट्या बहिणीचा, चांगुणाचा, सा. न. वि. वि.

जबलपूरला थंडी पडली असेल. वहिनींच्या मागे लागून स्वेटर काढून घे, सुभेदार झालास म्हणून थंडी तुला सलाम करणार नाही. इकडे द्राक्षबागेत मण्यांची विरळणी चालू आहे. तुझी भाची मनीषा बारावीला आहे आणि अभ्यासाच्या नावाखाली माझ्या एकाही हाकेला ओ देत नाही.

आता तुझ्या दाजींचं. छातीत दुखतं म्हणून देवळालीच्या फौजी हॉस्पिटलात जाऊन आले. कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, जसे काही परेडलाच चाललेत. तिथे यांना अजून कुणी हवालदार साहेब म्हणतं, तेवढ्यानंच यांचं निम्मं दुखणं पळतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खाण्याचं पथ्य सांगितलं आणि पुन्हा दुखलं तर वेळ घालवू नका असं बजावलं. पण दादा, देवळाली काय शेजारी आहे का? निफाडला हृदयाचे एक नवे डॉक्टर आलेत. अचानक दुखलं आणि त्यांच्याकडे नेलं, तर सरकार तो खर्च देतं का, एवढं कळव. हे म्हणतात की देत नाही, आणि आपलं हॉस्पिटल असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं.

पत्राला उशीर करू नकोस. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
चांगुणा


जबलपूर
२ डिसेंबर १९९८

चि. सौ. चांगुणास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दाजी म्हणतात ते खरं आहे. बाहेरच्या दवाखान्याचा खर्च आपल्या नियमात बसत नाही. ऑफिसात दोन-तीन जाणत्यांना विचारलं, सगळ्यांनी मानच हलवली. माणूस वर्दीत असताना साधा काटा रुतला तरी डॉक्टर धावतो, आणि वर्दी उतरली की त्यानं दुखणंही देवळालीच्या वाटेवर सोसून काढावं, असा हा प्रकार आहे.

पण तू नियम बघू नकोस. वेळ आली तर सरळ निफाडला ने. पुढचं मी बघतो. दाजींना हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव, आणि सांग की हा सुभेदाराचा हुकूम आहे. ते हवालदार आहेत, त्यांनी ऐकलं पाहिजे.

मनीषाला आशीर्वाद. तुम्हा सगळ्यांची आठवण काढणारा,
सावळीराम


मळा, ता. निफाड
९ मार्च १९९९

तीर्थरूप दादास,
चांगुणाचा सा. न. वि. वि.

दहाव्याला तू आलास, पण चार माणसांत तुझ्याजवळ बसताच आलं नाही. त्या दिवशी काय झालं ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. ते मनात ठेवून झोप लागत नाही, म्हणून लिहिते.

माल तोडायला बाया आल्या होत्या. हे पेट्या भरत होते. भरता भरता खाली बसले आणि शर्टाचं बटण काढायला लागले. घाम असा की शर्ट पिळून घ्यावा. शेजारच्या गोरक्षभाऊंनी जीप आणली. मी निफाडलाच न्यायला लावलं. डॉक्टर चांगले होते रे. ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की झटका मोठा आहे, यांना आता इथून हलवू नका.

ते यांनी ऐकलं. उठून बसले. म्हणाले की आपलं हॉस्पिटल देवळालीत आहे, इथं पडून मनीषाचं शिक्षण खायचं नाही. मी पाया पडले. तुझं पत्र घरात आहे, दादानं हुकूम दिलाय, असं सांगितलं. तर म्हणाले की मेव्हण्याच्या कमाईवर श्वास घ्यायचा का मी. डॉक्टरांनी रागावून बघितलं, गोरक्षभाऊंनी हात जोडले. हे स्वतःच्या पायांनी चालत जाऊन जीपमध्ये बसले, दादा. मी काय करायला पाहिजे होतं? दारात आडवी पडायला पाहिजे होती का?

चांदोरी मागे पडली तोवर बोलत होते. बागेला पाणी कुणी द्यायचं ते सांगितलं. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं, गुंगी आली असेल. गोरक्षभाऊंना मी म्हटलं की हळू चालवा, यांना झोप लागलीय.

देवळालीच्या डॉक्टरांनी हात लावला आणि टोपी काढली. मग हिंदीतून एवढंच विचारलं की रस्त्यात कुठल्या दवाखान्यात थांबला नाहीत का.

मनीषा परीक्षेला बसते म्हणाली, बसू दे. तुझ्याशिवाय हे कुणाला लिहू? सांभाळून घे.

तुझी,
चांगुणा


जबलपूर
२८ एप्रिल १९९९

चि. चांगुणास,
अ. उ. आ.

पाकिटावर तुझ्या नावाआधी सवयीनं सौ. लिहिलं गेलं. ते पाकीट फाडलं आणि दुसरं घेतलं, तेही तसंच झालं. वहिनीनं मग माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि पत्ता तिनं लिहिला.

तू आडवी पडली असतीस तर दाजी तुला ओलांडून गेले असते. मी त्यांना ओळखतो. भित्रे नव्हते ते, चांगुणा. घराला आपला भार नको म्हणून मरणाला भिडलेला माणूस तो. त्यांना हट्टी म्हणणारे म्हणतील, पण तो हट्ट त्यांच्यावर कुठल्या नियमानं लादला ते तुला आणि मला माहीत आहे.

नाशिकला पुढच्या थंडीत माजी सैनिकांचा मेळावा आहे. मोठे अधिकारी येतात, अडचणी विचारतात. मी अर्ज पाठवीन, पण अर्ज अर्जांच्या ढिगात जातो. तू जाऊन बोल. एवढंच सांग की काय झालं.

तुझ्या पाठीशी असलेला,
सावळीराम


मळा, ता. निफाड
२६ जानेवारी २०००

तीर्थरूप दादास,
चांगुणाचा सा. न. वि. वि.

गेले होते मेळाव्याला. मनीषाला सोबत घेतली. माईक हातात घेतला तर आधी माझा श्वासच सगळ्यांना ऐकू गेला. पुढच्या रांगेतले एक म्हातारे कुरकुरले की विधवेनं घरातलं दुःख असं चव्हाट्यावर आणू नये. त्यानंच मला बोलायला बळ आलं.

मी म्हटलं की माझा नवरा लढाईत मेला नाही, रस्त्यात मेला. दवाखाना मागे होता आणि दवाखाना पुढे होता, मधे नियम होता. म्हटलं, छातीत कळ येते तेव्हा ती कळ विचारत नाही की कुठलं हॉस्पिटल तुमचं. तुम्ही जवळचं हॉस्पिटल आमचं करा. बास, एवढंच. पुढचं पाठ केलेलं होतं ते विसरले.

अधिकारी चांगले वाटले. उठून माझ्याजवळ आले, म्हणाले की बहनजी, तुमचं म्हणणं वर पोचवतो. किती वर पोचवायचं ते त्यांनाच ठाऊक. बाहेर पडले तर बाया भोवती जमल्या. एकीचा नवरा सिन्नरहून देवळालीला येताना गेला, एकीचा दिंडोरीहून. मला वाटत होतं की हे माझ्या एकटीच्याच वाट्याला आलंय.

मनीषा बँकेच्या परीक्षा देते. येताना मोटारीत माझा हात धरून बसली होती. लहानपणी मी तिचा धरायची तसा.

असाच पाठीशी राहा.
चांगुणा


इगतपुरी
१९ जून २००३

चि. चांगुणास,
अ. उ. आ.

निवृत्त होऊन इथे आलो ते बरं झालं, तुझ्या जवळ तरी आलो. पाऊस असा लागलाय की वाळत घातलेला टॉवेल आठवडाभर ओलाच.

माजी सैनिकांसाठी नवी आरोग्य योजना सुरू झाली. काल माहिती वाचली. जीव धोक्यात असेल तर जवळच्या कुठल्याही दवाखान्यात न्यायचं, आणि योजनेच्या आपल्या केंद्राला लगेच कळवायचं. रीतसर कागद दिले की खर्च परत मिळतो. ती ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला. वहिनीनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, उशीर झाला.

तुझ्या बोलण्यानं हे झालं असं मी म्हणणार नाही. कितीतरी लोक कितीतरी वर्षं बोलत होते. त्यांत तुझा आवाज होता, एवढं मात्र म्हणीन. योजनेत तुलाही घेतात. कार्ड काढून घे. नाही म्हणू नकोस.

तुझा,
सावळीराम


मळा, ता. निफाड
१५ फेब्रुवारी २००४

तीर्थरूप दादास,
चांगुणाचा सा. न. वि. वि.

कार्ड काढायचं नव्हतं. यांना मिळालं नाही ते मी कुठल्या तोंडानं घ्यायचं? मनीषानं भांडून काढायला लावलं. मग वाटलं, काढलंच आहे तर दुसऱ्यांनाही सांगावं. आजूबाजूच्या गावांत जेवढे फौजी आहेत त्यांच्या घरी जाऊन आले. पुरुषांशी बोललेच नाही, ते ऐकत नाहीत. चुलीपाशी बसून बायांना सांगितलं की छातीत कळ आली तर जवळ न्या, त्यांचं काही ऐकू नका, खर्च मिळतो.

गेल्या आठवड्यात त्यांतल्याच भागीबाईच्या नवऱ्याला, झुंबरभाऊंना, कळ आली. तेही फौजेतले, नायक होते. तेही देवळाली देवळाली करत होते. भागीबाईनं ड्रायव्हरला सांगितलं की गाडी निफाडला घाल, मी यांची बायको आहे, यांच्या हाताखालचा शिपाई नाही. वाचले, दादा.

काल मी दवाखान्यात बघायला गेले. झुंबरभाऊ उशीला टेकून बसले होते आणि चहाला साखर कमी म्हणून भागीबाईवर डाफरत होते. मला लय आनंद झाला. आणि खोटं कशाला बोलू, त्याच घडीला असा राग आला की पदर तोंडात धरून बाहेर आले. त्यांच्या जगण्याचा राग नव्हता तो. ती चहाची कुरकुर ऐकवेना.

भागीबाई मागोमाग आली. तिला कळलं की नाही ते माहीत नाही. भिंतीला टेकून म्हणाली की ताई, घरी गेल्यावर यांना खायला काय देऊ, मला तर काहीच समजत नाही. मी डोळे पुसले आणि सांगायला लागले. मीठ कमी, तेल नावाला, भाकरी ज्वारीची, शेंगदाण्याचं कूट बंद, जेवण झाल्यावर अंगणात हळूहळू चालवायचं, एकटं सोडायचं नाही. ती ऐकत राहिली आणि मी सांगत राहिले. दादा, मला सगळं पाठ होतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

वहिनींना नमस्कार. येऊन जा एकदा.

तुझी,
चांगुणा