यादीतून कोणी सुटते का?

११ जानेवारी १९८८, सौंसर
नवं काम लागलं मागे. जिल्ह्याला कम्प्युटर आला तेव्हापासून आमच्या नर्सबायांना दर महिन्याला छापील यादी येते. कोणत्या गावात कोण गरोदर, कोणत्या लेकराची लस बाकी. यादी उपयोगाची आहे का, हे विचारायला भोपाळहून प्रश्नावली आली. पण आधी प्रश्नच पारखायचे. त्याच नर्सला तेच प्रश्न, थोड्या दिवसांनी पुन्हा. उत्तरं जुळली तर प्रश्न पक्के. तिवारी सर भोपाळचे, त्यांना मराठी येत नाही. म्हणून मी. हेल्थ व्हिजिटर असल्यानं गावं ओळखीची.

१४ जाने.
लोधीखेडा, बोरगाव. 'यादीने काम सोपं झालं का?' हो. 'यादी नसती तर बरं झालं असतं का?' तेही हो! बोरगावच्या नर्सबाईला म्हटलं, दोन्हीले हो कसं वो? म्हणे, "ताई, सरकारी कागदाले नाही कोण म्हणते?"
हसून पुरेवाट. घरी आल्यावर हसू गेलं. आपण यादी मोजून राहिलो की बायांच्या मनातलं भेव?

१६ जाने.
सरांना म्हटलं, एक प्रश्न माझा घालू द्या. 'यादीतून कोणी सुटलं का? कोण?' लगेच हो म्हणाले. ऐकून घेणारा माणूस.

१८ जाने.
पांढुर्ण्याला उतरून जाम नदीपलीकडे, सावरगाव. तिथली नर्स कमलबाई. नव्या प्रश्नाला म्हणाली, "कोणी नाही सुटत. आता गावभर फिरा लागत नाही. यादीत असन त्याच घरी जातो." खुश होती. निघताना पिशवीत संत्री कोंबली.

२७ जाने.
सावरगावची शीला. पहिलटकरीण, आठवा महिना. झटके आले, जीपनं नागपूरला नेली. ती वाचली. लेकरू गेलं.
कमलबाईनं तिचं नाव जिल्ह्याला पाठवलं होतं. छापून आलंच नाही. यादीत नाही म्हणून त्या घरी गेली नाही.

२ फेब्रु.
दुसरी फेरी. कमलबाईकडे जाऊ नये वाटलं. पण जावं लागलं. माझ्या प्रश्नापाशी आले नि तो सोडून पान उलटलं. तीच म्हणाली, "सुटते. शीला सुटली. लिहा."
मग, "पाय सुजले होते म्हणे तिचे, झटक्याची खूणच ते. मी त्याच गल्लीतून जात होती वो ताई."
पेन ठेवला.

५ फेब्रु.
सर म्हणाले, "जवाब बदल गया. सवाल कच्चा है, निकाल दो."
मी म्हटलं, सर, मधे शीलाचं असं झालं. बाकीचे प्रश्न जुळले, तेव्हाही हो, आताही हो. म्हणून ते पक्के?
त्यांनी कागद पुन्हा चाळले. मग हळूच, हे नावासकट भोपाळला गेलं तर कमलबाईचीच चौकशी लागेल. सोचा है आपने?
नव्हता केला विचार. खरंच नव्हता.

९ फेब्रु.
सावरगाव. कमलबाई रस्त्यातच भेटली, शीलाच्या घरून येऊन राहिली होती. आधी सासूनं दारातूनच परत पाठवलं होतं, आज आत बसवलं म्हणे. सरांचं सगळं सांगितलं. तुमचं नि शीलाचं नाव खोडू का?
पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "खोडलं तर शीलाचं कोण सांगीन? राहू द्या. दोन पोरं हायेत, भेव वाटते. पण राहू द्या."

१२ फेब्रु.
कमलबाईची दोन्ही उत्तरं सरांना दिली. खाली माझी टीप, हिंदीत: उत्तर बदललं, कारण गावात घडलं. प्रश्न ठेवावा. कमलबाईसाठीही दोन ओळी लिहिल्या, की नाव तिनं पाठवलं होतं, छापलं गेलं नाही. जमल्या की नाही...
स्टँडवर उभ्याउभ्या वाचलं त्यांनी. मग पुन्हा पहिल्यापासून. विचारलं, "शीला अब कैसी है?" म्हटलं, माहेरी आहे, कालपासून दोन घास खाते. ते काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात छिंदवाड्याची बस लागली. कागद हातातच धरून चढले.